डॉ. हाफकिन आणि खरी नोंद

आमच्या जालना जिल्ह्यातील खेड्यांत आज आशाताई, अंगणवाडीताई व आरोग्यसेविका वह्या घेऊन घरोघर फिरत असतात. कोणास ताप आला, कोणत्या मुलास लस टोचावयाची राहिली, कोणाच्या घरी जन्म अगर मृत्यू झाला, हे त्या विचारतात. पुष्कळ घरी त्यांस उंबऱ्यावरूनच कसेबसे उत्तर मिळते; आणि कधी कधी घरी न जाताच अंदाजाने रकाना भरला जातो, हेही खोटे नाही. ह्या लिहिण्याने कोणाचा जीव वाचतो काय, असे आमचे लोक विचारतात. त्या प्रश्नाचे उत्तर एका मनुष्याच्या चरित्रात सापडते, म्हणून ते येथे थोडक्यात देतो.

वाल्डेमार हाफकिन ह्यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी रशियाच्या साम्राज्यातील ओडेसा शहरी एका यहूदी कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात त्यांनी मेचनिकोव्ह ह्या थोर शास्त्रज्ञाजवळ प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. बुद्धी तीव्र होती, परंतु यहूदी मनुष्यास तेथे अध्यापकाची जागा मिळणे कठीण. राजाश्रय असलेल्या मंडळीत बाप्तिस्मा घेतला असता तर मार्ग मोकळा झाला असता. पण नोकरीसाठी धर्म बदलणे त्यांस मान्य नव्हते. विश्वासाचा असा सौदा करू पाहणारे राज्य स्वतःस ख्रिस्ती म्हणवीत होते, ही गोष्ट आपण लाजेने वाचली पाहिजे. ते देश सोडून प्रथम जिनिव्हा येथे व १८८९ साली पॅरिस येथील पाश्चर संस्थेत गेले, आणि तेथे ग्रंथालयातील लहानशी जागा पत्करून फावल्या वेळी पटकीच्या जंतूंवर प्रयोग करू लागले. पटकीवरील लस सिद्ध झाल्यावर १८ जुलै १८९२ रोजी ती त्यांनी प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. पुढील वर्षी ते हिंदुस्थानात आले.

येथे त्यांनी हजारो लोकांस लस टोचली. तथापि हजारांच्या आकड्याने त्यांचे समाधान होईना. एखादी सबंध पलटण टोचली आणि पुढे तिच्यात पटकी आली नाही, तर लस लागू पडली की साथच तिकडे फिरकली नाही, हे कोण सांगणार? म्हणून त्यांनी असा नियम धरला की एकाच वस्तीत राहणारे, एकच पाणी पिणारे व एकच अन्न खाणारे जे लोक, त्यांतील टोचलेले व न टोचलेले ह्या दोघांचाही हिशेब ठेवावा, आणि मग दोहोंची तुलना करावी. हा नियम ऐकण्यास साधा वाटतो, पण त्यांच्या पुढील सर्व कार्याचा पाया तोच होय.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईस मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरात सरकारने हाफकिन ह्यांस मुंबईस पाठविले. ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या लहानशा जागेत त्यांनी रात्रंदिवस काम करून सुमारे तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी तीही आधी स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी आपण होऊन पुढे आले त्यांस ३० जानेवारी रोजी लस देण्यात आली. त्यानंतर न टोचलेल्या १७२ कैद्यांपैकी १२ आजारी पडले व त्यांतील ६ मरण पावले; टोचलेल्या १४७ पैकी २ आजारी पडले, पण मेला कोणीच नाही.

तुरुंगात मनुष्य लपविता येत नाही. शहरात मात्र नेमके तेच होत होते. आजारी दिसला की त्यास जबरीने इस्पितळात नेत, घरच्यांस वेगळे काढीत व सामान जाळीत. म्हणून लोक रोगी माळ्यावर दडवीत आणि मरण दुसऱ्याच तापाच्या नावे सांगत. त्यामुळे प्लेगने मेलेल्यांचा कागदावरील आकडा खऱ्या आकड्याहून लहान राहिला. जेथे भय आहे तेथे वही खरे बोलत नाही. तो प्लेग पुढे आपल्या मराठवाड्यातही पोहोचला. गाठ निघाली की गाव मोकळा करून रानात झोपड्या घालाव्यात, ही त्या दिवसांची आठवण जुन्या घराण्यांतून अद्यापि सांगितली जाते.

१८९८ च्या फेब्रुवारीत बडोद्याजवळील उंढेरा ह्या गावी जे घडले ते तर प्रत्येक खेडेगावाने ऐकावे. गावात प्लेग होता. हाफकिन ह्यांनी एकेका कुटुंबास बोलावून त्यातील साधारण अर्ध्या माणसांस लस टोचली व अर्ध्यांस तसेच ठेवले. अर्ध्यांस का वगळले, असे आपले मन विचारते, आणि तो प्रश्न योग्यच आहे. आज असा प्रयोग लोकांची समजून दिलेली संमती घेतल्यावाचून करता येत नाही. पण हेतू असा होता की घर एक, चूल एक, मग फरक उरला तर तो लसीचाच असावा. काही आठवड्यांनी अधिकाऱ्यांनी जाऊन घरोघर चौकशी केली. ज्या २८ कुटुंबांत पुढे प्लेग शिरला, त्यांतील न टोचलेल्या ६४ माणसांपैकी २७ आजारी पडून २६ मेली. टोचलेल्या ७१ पैकी ८ आजारी पडून ३ मेली. आकडे लहान आहेत, म्हणूनच त्यांतील प्रत्येक नाव मोलाचे होते. दोन-चार घरांनी मरण लपविले असते, अगर लिहिणाऱ्याने चावडीवर बसूनच रकाने भरले असते, तर ह्या हिशेबावरून काहीच ठरविता आले नसते. प्लेग कमिशनने पुढे लसीचे आकडे तपासले तेव्हा अनेक ठिकाणची टिपणे कच्ची ठरविली. परंतु लसीने रोग व मृत्यू दोन्ही कमी होतात, हे तिने मान्य केले.

ह्यानंतर त्यांच्यावर मोठे संकट आले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ लोकांस प्लेगची लस टोचण्यात आली आणि त्यांतील १९ जण धनुर्वाताने मरण पावले. कोणास कोणत्या बाटलीतील लस दिली ह्याची नोंद होती. म्हणून हे १९ जण एकाच बाटलीचे, आणि दुसऱ्या बाटल्यांच्या लोकांस काही झाले नाही, एवढे लगेच कळले. पण चौकशी मंडळाने दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन ह्यांची जागा गेली, नाव काळे झाले आणि ते युरोपास परतले. ती बाटली उघडताना मदतनिसाचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट शुद्ध न करताच त्याने बूच काढले गेले, ही साक्ष चौकशीच्या कागदांत होती. तरी त्या कागदांकडे पाहावे तसे कोणी पाहिले नाही. पुढे मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस व इतर शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या टाइम्स पत्रात हे प्रकरण मांडले, आणि त्याच वर्षी हाफकिन निर्दोष ठरले. ते पुन्हा हिंदुस्थानात येऊन कलकत्त्यास काम करू लागले. तथापि गेलेली पाच वर्षे त्यांस कोणी परत दिली नाहीत. निवृत्तीनंतर ते युरोपात राहिले व आपली संपत्ती त्यांनी यहूदी धर्मशिक्षणाच्या शाळांस दिली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचा अंत झाला. परळ येथील त्यांच्या प्रयोगशाळेस १९२५ पासून हाफकिन ह्यांचेच नाव आहे.

वाचकहो, आज प्लेगवर औषधे आहेत. परंतु ह्या चरित्रातील दोन गोष्टी जुन्या झालेल्या नाहीत. नोंद खरी नसेल तर ती निरुपयोगी. आणि खरी असूनही वाचली गेली नाही, तर तिच्यामुळे निर्दोष मनुष्याचेही रक्षण होत नाही. म्हणून आमच्या उपदेशक बंधूंस विनंती की, आशाताई आल्या असता मंडळीतील घरांनी त्यांस बसावयास सांगावे व आजार, जन्म, मृत्यू जसा असेल तसा सांगावा. क्षयाचा रोगी लपविणे म्हणजे शेजारच्या लेकरास धोक्यात घालणे होय. जन्म व मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत करावी. ज्यांस लिहिता येते त्यांनी शेजारच्या निरक्षर घरास त्या कामी साह्य करावे. आणि ग्रामसभेत उभे राहून नम्रपणे विचारावे की, आमच्या गावच्या वहीत ह्या वर्षी काय दिसले, किती मुले लसीवाचून राहिली, कोणत्या वस्तीत तापाचे रोगी अधिक निघाले, आणि त्यावरून काय केले.

शंभरांतील एक मेंढरू हरवले, हे मेंढपाळास कळले ते त्याने मोजले म्हणून. आपल्या गावातील एखादे लेकरू लसीवाचून राहिले असेल, तर तेही मोजल्यावाचून कोणास कळणार नाही.