श्वासासाठी उसना भाता

ऑक्टोबर १९२८. बोस्टनच्या बालरुग्णालयात आठ वर्षांची एक मुलगी पोलिओने बेशुद्ध पडली होती. श्वास घेणारे तिचे स्नायूच लुळे पडले होते. डोके तेवढे बाहेर ठेवून तिला एका लोखंडी पेटीत झोपवले, वीज सुरू केली आणि थोड्याच वेळात ती शुद्धीवर आली. ही पेटी घडवणारे फिलिप ड्रिंकर डॉक्टर नव्हते. ते रसायन अभियंता होते.

ड्रिंकर यांचा जन्म १८९४ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात झाला. हार्वर्ड विद्यापीठात ते कारखान्यांतील हवा आणि धूळ यांचा अभ्यास करत. विषारी वायूने गुदमरलेल्यांना वाचवायचे कसे, हा प्रश्न त्यांच्यापुढे आला. त्यांचे बंधू सेसिल आणि सहकारी लुई शॉ तेव्हा मांजराला पेटीत ठेवून त्याचा श्वास मोजत. श्वासागणिक पेटीतील हवेचा दाब बदले. ड्रिंकर यांनी हाच विचार उलटा केला: पेटीतला दाब बदलला, तर श्वास चालेल का? स्नायू लुळे केलेल्या मांजरावर त्यांनी पिचकारीने प्रयोग केला. मांजर जगले.

फुफ्फुसे स्वतःहून हवा ओढत नाहीत. छातीचे स्नायू आणि श्वासपटल छाती फुगवतात, आतला दाब कमी होतो आणि लोहाराच्या भात्यासारखी हवा आत येते. ड्रिंकर यांच्या पेटीत हेच काम बाहेरून होई. पेटीतला दाब कमी झाला की छाती फुगे, पूर्ववत झाला की श्वास बाहेर पडे. त्यासाठी त्यांनी घर झाडण्याच्या विजेच्या यंत्रांचे पंखे वापरले होते.

ती मुलगी काही दिवसांनी न्यूमोनियाने दगावली. तरी स्नायू थकले म्हणून श्वास थांबलाच पाहिजे असे नाही, हे सिद्ध झाले होते. पुढच्याच वर्षी पोलिओ झालेला एक विद्यार्थी या पेटीच्या आधाराने बरा झाला. ‘आयर्न लंग’ हे नाव जगभर पोहोचले.

१९३१ मध्ये जॉन इमर्सन यांनी अधिक स्वस्त आणि हलकी पेटी बनवली. ड्रिंकर आणि हार्वर्डने पेटंटसाठी त्यांच्यावर दावा लावला आणि तो ते हरले. स्वस्त पेट्यांचा मार्ग मोकळा झाला.

पेटीलाही मर्यादा होत्या. गिळण्याचे स्नायू लुळे पडले की लाळ श्वासनलिकेत जाई आणि तिथे पेटीचा इलाज चालत नसे. १९५२ मध्ये कोपनहेगनच्या साथीत डॉक्टरांनी घशातून नळी घालून हवा आत ढकलण्याचा उलट मार्ग धरला. आजचे व्हेंटिलेटर त्याच वाटेने चालतात.

ड्रिंकर १९७२ मध्ये वारले. पोलिओची लस येऊन तोवर सतरा वर्षे झाली होती आणि त्यांच्या पेट्या अडगळीत जाऊ लागल्या होत्या. पण स्नायू सावरेपर्यंत यंत्राने श्वास चालू ठेवावा, ही त्यांची शिकवण आजही प्रत्येक अतिदक्षता विभागात जिवंत आहे.