शंभरीतले अण्णा

महर्षी धोंडो केशव कर्वे म्हटले की शंभरी ओलांडलेले अण्णा आठवतात. त्या शंभरीतले एकाकीपण सहसा ध्यानी येत नाही.

१८५८ चा जन्म. हिंगण्याचा आश्रम, महिला विद्यापीठ हे पुणेकरांना ठाऊकच आहे. ७१ व्या वर्षी ते जगप्रवासाला निघाले. ७८ व्या वर्षी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले. ८६ व्या वर्षी समता संघ.

कामात मन रमवा, असे आपण वृद्धांना सहज सांगतो. पण १९५० मध्ये ५७ वर्षांच्या सहचारिणी आनंदीबाई गेल्या. १९५३ मध्ये थोरला रघुनाथ, राधाबाईंचा मुलगा, गेला. मुलगा ७१ वर्षांचा, बाप ९५ चा! या वयात नवे काम तरी कोणते काढायचे?

१९५८ मध्ये भारतरत्न मिळाले, तेव्हा ही दोघे नव्हती. अण्णा त्यानंतरही १९६२ च्या नोव्हेंबरपर्यंत जगले.