समजून घ्या : खाणमालक बांदोडकर कुळांचे नेते कसे झाले?

गोव्यात खाणबंदी असो की खाणींचा लिलाव, खाणवाले आणि राजकारण्यांच्या नात्याची चर्चा होतेच. हे नाते गोव्याच्या पहिल्या मुख्यमंत्र्यांपासूनचे आहे. दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक होते. तरीही लोकांनी त्यांना कुळांचा आणि बहुजनांचा नेता मानले. हे कसे घडले?

पैसा कुठून आला?

बांदोडकर यांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडणे येथे झाला. घरची परिस्थिती बेताची होती. पोर्तुगीज सरकार त्या काळी खाणींचे हक्क कायमस्वरूपी देत असे. त्याला ‘कन्सेशन’ म्हणत. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलाद कारखान्यांना लोहखनिज हवे होते. गोव्यातल्या खाणींतून नद्यांमार्गे बार्जने मुरगाव बंदर गाठणे सोपे होते. १९५० च्या दशकात या धंद्याला तेजी आली आणि त्यातच बांदोडकरांचा जम बसला. राजकारणात येण्याआधीच दानशूर म्हणून त्यांचे नाव गावोगाव पोहोचले होते.

सत्ता कशी मिळाली?

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६३ मध्ये बांदोडकरांनी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष स्थापन केला. गोवा महाराष्ट्रात विलीन करणे आणि जमीन कसणाऱ्याला न्याय देणे, हे पक्षाचे दोन मुख्य मुद्दे होते. पक्ष चालवण्यासाठी त्यांना भाटकारांकडे, म्हणजे जमीनदारांकडे, हात पसरावा लागला नाही. खाणीचा पैसा इथे कामी आला.

डिसेंबर १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत मगोप आणि मित्रपक्षाला ३० पैकी १६ जागा मिळाल्या. काँग्रेसला गोव्यातून एकही जागा मिळाली नाही. बांदोडकर स्वतः उभे नव्हते, तरी २० डिसेंबरला तेच मुख्यमंत्री झाले. नंतर ते पोटनिवडणुकीतून विधानसभेत आले.

जनमत कौलात काय झाले?

विलीनीकरणावर १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. मतदान निष्पक्ष व्हावे म्हणून त्याआधी सरकार पायउतार झाले होते. विलीनीकरणाचा पक्ष ३४,०२१ मतांनी हरला. पण काही महिन्यांतच मतदारांनी बांदोडकरांना पुन्हा मुख्यमंत्री केले. १९७२ मध्येही तेच निवडून आले.

कुळाला कायदा, खाणीचे काय?

त्यांच्या काळात १९६४ चा कूळ कायदा आला. त्याने कुळांना बेदखलीपासून संरक्षण दिले आणि खंडावर मर्यादा घातली. खाणींची पोर्तुगीजकालीन कन्सेशने मात्र तशीच राहिली. १ ऑक्टोबर १९६३ पासून केंद्राचा खनिज कायदा गोव्याला लागू होता आणि लोहखनिजाबाबतचे मुख्य अधिकार केंद्राकडे होते. त्यामुळे सगळा दोष बांदोडकरांच्या माथी मारता येणार नाही. पण शेतजमिनीच्या जुन्या हक्कांना हात घालणाऱ्या सरकारचा प्रमुख खाणमालक होता आणि खाणींचे जुने हक्क त्याच्या हयातीत कायम राहिले, हेही नोंदवावे लागते.

पुढे काय झाले?

१२ ऑगस्ट १९७३ रोजी मुख्यमंत्रिपदावर असतानाच बांदोडकर यांचे निधन झाले. कन्या शशिकला काकोडकर त्यांच्या जागी आल्या. त्यांच्या सरकारने १९७६ मध्ये कूळ कायदा दुरुस्त करून कुळांना मालकीची वाट खुली केली.

कन्सेशने रद्द करून त्यांचे मुदतीच्या लीजमध्ये रूपांतर करणारा कायदा संसदेने १९८७ मध्ये केला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये या लीज २००७ सालीच संपल्याचे ठरवले. त्यानंतर झालेले नूतनीकरणही २०१८ मध्ये रद्द झाले आणि खाणी पुन्हा थांबल्या. ट्रक, बार्ज आणि खाणकामावर पोट असलेल्या कुटुंबांना त्याची झळ बसली. खनिज कोणाचे, हा प्रश्न मुक्तीनंतर लगेच सुटला असता, तर ही वेळ कदाचित आली नसती.