एकच भाव, सगळ्यांना : जॉन वानामेकर नावाचा दुकानदार

ऑनलाइन तिकीट काढताना आधी एक किंमत दिसते. मग पैसे भरायच्या पानावर कन्व्हिनियन्स फी, हँडलिंग चार्ज असं काहीबाही चढत जातं. १६० वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या बऱ्याच दुकानांत तर किंमत लिहिलेलीच नसायची. गिऱ्हाइकाचे कपडे आणि बोलणं बघून विक्रेता भाव सांगायचा. घासाघीस जमली तो सुटला, लाजऱ्या माणसाच्या खिशाला कात्री.

ही पद्धत मोडणाऱ्यांमधलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे जॉन वानामेकर.

जन्म ११ जुलै १८३८, फिलाडेल्फिया. वडील विटा पाडायचे. शाळा लवकर सुटली आणि जॉन दुकानांत पडेल ते काम करू लागले. एप्रिल १८६१ मध्ये मेहुणे नेथन ब्राऊन यांच्यासोबत त्यांनी ओक हॉल हे पुरुषांच्या तयार कपड्यांचं दुकान काढलं. मुहूर्त असा, की काही दिवसांतच यादवी युद्ध पेटलं. पहिल्या दिवशीचा गल्ला २४ डॉलर ६७ सेंट. त्यातले २४ डॉलर जाहिरातीत घातले आणि ६७ सेंट सुट्ट्यासाठी ठेवले, असा किस्सा सांगतात.

नियम साधा होता : चिठ्ठीवर लिहिलेला भाव सगळ्यांना सारखा, आणि माल पसंत पडला नाही तर पैसे परत.

प्राइस टॅग त्यांनीच शोधला, असं सोशल मीडियावर फिरतं. ते खरं नाही. क्वेकर पंथाचे व्यापारी कितीतरी आधीपासून एकच भाव लावायचे. न्यूयॉर्कचे ए. टी. स्टुअर्टही तेच करत होते. वानामेकर यांचं मोठेपण जाहिरातीत आहे. भाव माणसागणिक बदलत असेल तर तो पेपरात छापणार कसा? भाव पक्का झाला की छापता येतो, आणि छापला की पाळावाच लागतो.

१८८० मध्ये त्यांनी जाहिराती लिहायला जॉन पॉवर्स यांना घेतलं. हा माणूस मालातली खोटसुद्धा छापायचा. एकदा खराब झालेले रेनकोट खराब आहेत असं सांगूनच त्यांनी जाहिरात केली आणि सगळा माल खपला, असं म्हणतात. सडेतोडपणा मालकालाही झेपेना. पुढे पॉवर्स यांची नोकरी गेली.

तोवर धंदा खूप वाढला होता. रेल्वेचा जुना मालधक्का विकत घेऊन १८७६ मध्ये त्यांनी तिथे अवाढव्य दुकान थाटलं होतं.

एका व्यवहाराचा भाव मात्र लोकांना कधी नीट दिसला नाही. १८८८ च्या निवडणुकीत वानामेकर यांनी रिपब्लिकन पक्षासाठी बक्कळ निधी उभा केला. बेंजामिन हॅरिसन राष्ट्राध्यक्ष झाले आणि १८८९ मध्ये वानामेकर टपाल खात्याचे प्रमुख. पद पैशाने मिळवलं, अशी टीका झाली. शिवाय हजारो पोस्टमास्तरांना काढून तिथे पक्षाची माणसं बसवली गेली.

१८९३ मध्ये ते धंद्यात परतले. तीन वर्षांनी त्यांनी न्यूयॉर्कमधलं, एके काळी स्टुअर्ट यांचं असलेलं दुकानही घेतलं. १२ डिसेंबर १९२२ ला, वयाच्या ८४ व्या वर्षी, फिलाडेल्फियातच त्यांचं निधन झालं.