९० टक्के काम झालं होतं, पण उरलेल्या २० किलोमीटरला पाच वर्षं लागली. बोरघाटात रेल्वे आणणारे जेम्स बर्कले

मुंबईहून पुण्याला जाताना कर्जतला गाडी थांबते, मागून जादा इंजिन लागतं आणि आपण वडापाव घेतो. त्यानंतर येतो बोरघाट. इथून रेल्वे नेण्याची आखणी केली ती जेम्स जॉन बर्कले यांनी.

बर्कले यांचा जन्म १८१९ सालचा, लंडनचा. रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखाली ते रेल्वेचं काम शिकले. १८५० मध्ये ते ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य इंजिनियर म्हणून मुंबईत आले.

तेव्हापासून त्यांच्या कामाचा बर्नडाउन चार्ट काढायचा ठरवला तर?

बर्नडाउन चार्ट म्हणजे उरलेल्या कामाचा आलेख. एक्सेल किंवा टॅब्लोमध्ये एका रकान्यात तारीख लिहायची. दुसऱ्यात एकूण कामातून आजवर झालेलं काम वजा करून शिल्लक लिहायची. मग लाइन चार्ट काढायचा. सोबत सुरुवातीपासून शून्यापर्यंत एक सरळ तिरकी रेघ, म्हणजे ठरलेला वेग. आपली रेघ तिच्या वर गेली की काम मागे पडलंय.

आजच्या अंतरांनी मुंबई-पुणे १९२ किलोमीटर. १८५३ ला ठाण्यापर्यंत गाडी धावली, उरले १५८. १८५४ ला कल्याण, उरले १३८. १८५६ ला घाटाचा पायथा गाठला, उरले सुमारे ८८. जून १८५८ ला खंडाळा-पुणे मार्ग सुरू झाला आणि उरले फक्त २० च्या आसपास.

म्हणजे आठ वर्षांत ९० टक्के काम फत्ते! चार्ट बघून कुणीही म्हणेल, आता वर्षभरात संपेल.

पण तो उरलेला तुकडा म्हणजे घाट होता. १,८३१ फुटांची चढण, २५ बोगदे आणि दऱ्यांवरचे ८ मोठे पूल. काही ठिकाणी मजुरांना दोरांनी कड्यावरून खाली सोडून खडक फोडावा लागला. मावळातला पाऊस सुरू झाला की उघड्यावरचं काम जवळपास थांबायचं. एका दमात चढ शक्य नव्हता, म्हणून बर्कले यांनी खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटवणारं रिव्हर्सिंग स्टेशन आखलं. तोवर प्रवासी पायथ्याशी उतरून पालखीने, तट्टावर नाहीतर बैलगाडीने घाट चढत होते.

१८५९ मध्ये मजुरी थकल्यावरून दंगा झाला. कंत्राटदार फॅव्हिएल यांनी काम सोडलं. नवे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल मुंबईत आल्यावर काही दिवसांतच वारले. त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट पुढे चालवलं. कॉलरा आणि तापाने मोठ्या संख्येने मजूर दगावले. तरी जानेवारी १८६१ मध्ये घाटात ४२,००० माणसं राबत होती.

आपल्या चार्टवर मात्र या पाच वर्षांत रेघ २० वरच आडवी राहते. आधी तिने काम संपत आल्याचं भासवलं, मग हजारो लोक राबत असताना कामच थांबल्याचं. कारण माप चुकलं. घाटापुरतं किलोमीटर सोडून किती फूट बोगदा खोदायचा उरला हे मोजलं असतं, तर रेघ रोज थोडी खाली आली असती. पावसाळ्यासाठी ठरलेल्या वेगाची रेघही पायऱ्यांसारखी काढावी लागली असती.

बर्कले यांची तब्येत खालावली आणि ते इंग्लंडला परतले. ऑगस्ट १८६२ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. एप्रिल १८६३ मध्ये घाट खुला झाला. रेघ शून्यावर आली तेव्हा ती आखणारा माणूस नव्हता, आणि कड्यावर राबणारे कितीतरी मजूरही नव्हते.

त्यामुळे पुढच्या वेळी ऑफिसात ९० टक्के काम झालं असं कुणी सांगितलं, तर एकच विचारा: उरलेल्या दहा टक्क्यांत घाट आहे का?