दगडातले पान आणि हिस्लॉप मास्तर

आपण बीड जिल्ह्यातली पोरं काळ्या दगडातच वाढलो. विहीर खणा, काळा पाषाण. जोते बांधा, काळा पाषाण. अंबाजोगाईचा हत्तीखानाही त्याच पाषाणात कोरलेला. हे लाव्हाचे थर आहेत, असे भूगोलाच्या तासाला आपण घोकले होते. पण दोन थरांच्या मध्ये कधीकाळची तळी, त्यांतले शंख आणि काठची झाडे दगड होऊन राहिलेली सापडतात, हे मला फार उशिरा कळले. नागपूरकडे हा शोध घेणारे स्टीफन हिस्लॉप हे एका शाळेचे मास्तर होते, म्हणून त्यांच्याविषयी या स्मरणिकेत लिहावेसे वाटले.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधल्या डन्स गावी झाला. मिशनरी म्हणून १८४५ साली ते भोसल्यांच्या नागपुरात आले, मराठी शिकले आणि १८४६ मध्ये त्यांनी शाळा काढली. मूळ हेतू धर्मप्रसाराचा, हे लपवण्यात अर्थ नाही. पण शाळा आटोपली की हा माणूस हातोडी घेऊन माळरानावर असे. जोडीला रॉबर्ट हंटर. टाकळीला लाव्हाच्या थरांमध्ये त्यांना शंखांचा थर आणि दगड झालेल्या फळा-बिया मिळाल्या. कामठी भागातल्या वालुकाश्मात, म्हणजे लाव्हाच्याही कित्येक कोटी वर्षे आधीच्या खडकात, पानांचे ठसे मिळाले. दोघांचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला.

पान सापडले, तरी त्याचे नाव ठरवणे हे वेगळेच काम. शिरा कशा फुटतात, देठाकडे पान कसे निमुळते होते, हे आधी नोंदलेल्या पानांशी ताडून पाहावे लागते. हे नमुने इंग्लंडला गेले. तिथे चार्ल्स बनबरी यांनी १८६१ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि एका लांबट पानाला नोगेराथिया हिस्लोपी असे नाव दिले. पहिला शब्द प्रजातीचा, आपल्या आडनावासारखा. दुसरा त्या जातीचा, शोधणाऱ्याच्या मानाचा.

पुढच्या दोन वर्षांतच घात झाला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी रिचर्ड टेंपल यांच्यासोबत टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून हिस्लॉप परतत होते. रात्री घोड्यावरून एकटेच येताना बोरीजवळ पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. सेहेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर होता. गोंड लोकांविषयी त्यांनी जमवलेली टिपणे, लिंगोच्या गीतासह, टेंपल यांनी १८६६ मध्ये छापली. शाळेतून वाढलेले कॉलेज १८८३ पासून हिस्लॉप कॉलेज म्हणून चालू आहे.

त्या पानाचे मात्र आडनाव बदलले. कलकत्त्याच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यातले ओटाकार फाइस्टमांटेल यांना ते युरोपातल्या नोगेराथियाहून वेगळे वाटले. त्यांनी १८७९ मध्ये त्याला नोगेराथिऑप्सिस, म्हणजे नोगेराथियासारखे दिसणारे, या प्रजातीत घातले. लग्नानंतर आडनाव बदलते, नाव तेच राहते, तसे हिस्लोपी तेवढे राहिले. नियमच तसा आहे. पुढे ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण अमेरिकेतही तशी पाने मिळाली, आणि तिथल्या अभ्यासकांनीही ती नागपूरच्या मास्तरांच्या नावानेच नोंदवली.