वाकाटकनृपती दुसरा प्रवरसेन

आपल्या तिरोडीचे नाव इतिहासग्रंथांत आले, ते वाकाटकनृपती दुसऱ्या प्रवरसेनाच्या ताम्रपटामुळे. गुप्तसम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता ही त्याची माता. पती रुद्रसेन अकाली निवर्तल्यावर, पुत्र अज्ञान असता, तिनेच राज्य सांभाळले. माता विष्णुभक्त, पुत्र परम शिवभक्त. तरी त्यांच्यात धर्मभेद कधी आड आला नाही. प्रवरसेनाने प्रवरपूर ही नवी राजधानी वसविली. महाराष्ट्री प्राकृतातील ‘सेतुबंध’ हे रामकथेवरील काव्य परंपरेने त्याचेच मानले जाते. राज्याच्या २३ व्या वर्षी त्याने कोसंबखंड हे गाव एका ब्राह्मणास दान दिले. तिरोडीचा ताम्रपट तो हाच.

त्याच्या पश्चात नलनृपती भवदत्तवर्म्याने रामटेकजवळील नंदिवर्धन ही वाकाटकांची जुनी राजधानी बळकाविली. प्रवरसेनाचा नातू दुसरा पृथिवीषेण याने कुळाची बुडालेली लक्ष्मी दोनदा सावरल्याचे बालाघाटचा ताम्रपट सांगतो. नलांची पुष्करी नगरीही शत्रूने उद्ध्वस्त केली. पुढे दोन्ही राजकुळे लयास गेली. सैन्ये, राजवाडे, वैर, काहीच राहिले नाही; राहिले ते दानपत्र. देवस्थानाची जुनी कागदपत्रे सांभाळणाऱ्या महाजनांनी हे सदैव ध्यानी ठेवावे.